उत्तरायणाचा अग्नि आणि आपलें सणवाङ्मय

पौष महिना जवळ आला कीं आपल्या नियतकालिकांतून संक्रांतीवरील लेख येऊं लागतात. त्यांचा सांचा बहुधा ठरलेला असतो. आज सूर्य उत्तरेकडे वळतो, आजपासून दिवस वाढूं लागतो, थंडींत स्निग्ध पदार्थ हितकर म्हणून तीळगूळ खावा, एवढें सांगून झालें कीं लेखक जगाच्या फेरीस निघतो. पंजाबांत लोहडी पेटते, आंध्रांत भोगीच्या पहांटे जुनें-पुराणें जाळतात, युरोपांत नाताळच्या रात्रीं चुलाण्यांत मोठा ओंडका घालतात. सर्व प्राचीन लोक या संधीवर अग्नि पेटवून क्षीण झालेल्या सूर्यास बळ देत असत, असा निष्कर्ष निघतो. आणि शेवटीं प्रश्न येतो कीं, मग महाराष्ट्रांतच हा अग्नि कां विझला? ज्यांना प्रश्नावर थांबणें पुरेसें वाटत नाहीं, ते पुढें जाऊन असेंही सुचवितात कीं आपणही गांवोगांव एखादी शेकोटी पेटवून ही उणीव भरून काढावी.

सणांविषयींचें लेखन हें आपल्या सुशिक्षित घरांतून सर्वांत अधिक वाचलें जाणारें, आणि सर्वांत कमी तपासलें जाणारें वाङ्मय आहे. कादंबरीवर टीका होते, कवितेवर होते. सणावरील लेख मात्र तीळगुळाबरोबर गोड मानून घेतला जातो. परंतु मुलें आपला देश, आपलें आकाश आणि आपलीं माणसें यांविषयींच्या पहिल्या कल्पना या लेखांतूनच घेतात. म्हणून त्यांतील विधानें खरीं आहेत कीं नाहींत, हें पाहणें अनाठायीं होणार नाहीं. वरील सांच्यांत तीन विधानें आहेत: संक्रांत म्हणजे उत्तरायणाचा आरंभ, अग्नि म्हणजे मरणाऱ्या सूर्याला दिलेला आधार, आणि महाराष्ट्रांत हा अग्नि नाहीं. आमच्या मतें यांतील पहिलें गणितानें चूक आहे, दुसरें आपल्या देशाला लागू पडत नाहीं, आणि तिसरें केवळ न पाहिल्यामुळें केलेलें आहे.

पहिल्या विधानाचा निकाल पंचांगावरच लागतो. सूर्याचें दक्षिणेकडील परमक्रमण २१ किंवा २२ डिसेंबरला होतें. संक्रांत हल्लीं १४ किंवा १५ जानेवारीला येते. मध्यें सुमारें चोवीस दिवस जातात. याचें कारण, आपलें पंचांग निरयन आहे, म्हणजे तें सूर्याचें स्थान ताऱ्यांच्या संदर्भानें मोजतें. ऋतु मात्र संपाताशीं बांधलेले आहेत, आणि संपात ताऱ्यांमधून दरवर्षीं सुमारें पन्नास विकला मागें सरकतो. नाक्षत्र वर्ष हें सायन वर्षापेक्षां वीस मिनिटांनीं मोठें. वीस मिनिटें ही क्षुल्लक गोष्ट वाटते. परंतु बहात्तर वर्षांत तिचा एक दिवस होतो. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांच्या सुमारास मकरप्रवेश आणि उत्तरायण एकत्र होतीं. तेव्हांपासून तीं दूर दूर चाललीं आहेत. आपल्याकडे पानिपताचा रणसंग्राम संक्रांतीच्याच दिवशीं झाला असें सर्रास म्हणतात. १४ जानेवारी १७६१ ही तारीख खरी. पण आजच्या रूढ अयनांशानें मागें मोजलें तर त्या वर्षीं मकरसंक्रमण १० जानेवारीच्या सुमारास येतें. आजची तारीख दोनशें साठ वर्षें मागें नेली कीं अशी फसगत होते.

हें अज्ञान आपल्या पूर्वजांचें नव्हे, हें आवर्जून सांगितलें पाहिजे. वेदांगज्योतिषाच्या काळीं उत्तरायण धनिष्ठारंभीं आणि माघ शुद्ध प्रतिपदेला होई. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत स्पष्ट नमूद केलें आहे कीं जुन्या शास्त्रांत अयनाचा आरंभ धनिष्ठारंभीं सांगितला आहे, पण आपल्या काळीं तो मकरारंभीं दिसतो. म्हणजे ग्रंथांत कांहींही असलें तरी डोळ्यांस दिसतें तें मानावें, ही त्याची वृत्ति. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याचें नांव महाराष्ट्रांत बांधणीच्या देवळांमुळें घरोघरीं ठाऊक आहे. त्याच्या चतुर्वर्गचिंतामणींत त्यानें तेराव्या शतकांत लिहून ठेवलें आहे कीं खरा पुण्यकाल लोकांच्या संक्रांतीच्या बारा दिवस आधीं येतो, तेव्हां दानेंही त्या दिवशीं करावीं. सातशें वर्षांपूर्वीं या भूमींतील धर्मशास्त्रज्ञ ज्या फरकाची दखल घेतो, त्याचा पत्ता आजच्या सणलेखकाला नसावा, ही नवलाची गोष्ट आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासांत हें सर्व मांडलेलें आहे. तें इंग्रजींत आहे एवढी सबब पुरेशी नाहीं.

अर्वाचीन काळांतही या प्रश्नावर महाराष्ट्रांत जितका खल झाला तितका क्वचितच इतरत्र झाला असेल. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायन पंचांग काढलें. त्या मतानें मकरसंक्रमण डिसेंबरांतच होतें. दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास १८९६ सालीं प्रसिद्ध झाला. मराठींत शास्त्रीय गद्य कसें असावें याचा तो आजही नमुना आहे. लोकमान्य टिळकांनीं पुरस्कारिलेल्या पंचांगांत आरंभस्थान निराळें धरल्यामुळें संक्रांत १० जानेवारीला येते, आणि तें पंचांग मानणारीं घरें त्याच दिवशीं तीळगूळ वाटतात. स्वातंत्र्यानंतर १९५२ सालीं डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं पंचांग-सुधारणा समिति नेमली गेली. तिच्या शिफारशीप्रमाणें २२ मार्च १९५७ पासून जें राष्ट्रीय पंचांग अमलांत आलें, त्यांत पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबरला येतो. सरकारी पौष अशा रीतीनें अयनावरच सुरू होतो. पण धार्मिक सणांसाठीं समितीनें निरयन गणना कायम ठेवली. तडजोड शहाणपणाची होती. लोकांचा सण सरकारी हुकुमानें तीन आठवडे मागें ओढतां येत नाहीं.

येथें लोकांच्या बाजूनेंही एक गोष्ट सांगणें न्यायाचें होईल. सर्वांत लहान दिवस डिसेंबरांत असला तरी सर्वांत उशिराचा सूर्योदय त्या दिवशीं नसतो. आपल्या अक्षांशांवर सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत थोडा थोडा लांबतच जातो, आणि मग परततो. सूर्यास्त मात्र नोव्हेंबरअखेरीपासूनच पुढें सरकूं लागलेला असतो. पृथ्वीची कक्षा दीर्घवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, यांमुळें हें घडतें. तेव्हां पहांटे उठून मोटेला किंवा दारें धरण्याला जाणारा शेतकरी जर म्हणाला कीं संक्रांतीपासून लवकर उजाडूं लागतें, तर तो चूक बोलत नाहीं. गणित न करणारा शेतकरी बरोबर आणि शास्त्राचें नांव घेणारा लेखक चूक, अशी ही मौज आहे. शेतकरी उजाडण्याविषयीं बोलतो. लेखक अयनाविषयीं बोलतो. दोहोंची गल्लत करूं नये, एवढेंच.

आतां अग्नीकडे वळूं. अयनाशीं संबद्ध असा अग्निविधि वेदांत आहे काय? आहे. वर्षभर चालणाऱ्या गवामयन सत्राच्या उपान्त्य दिवशीं महाव्रत नांवाचा विधि होत असे, आणि बऱ्याच पंडितांच्या मतें तो उत्तरायणारंभाचा होता. कौषीतकि ब्राह्मणांत माघी अमावास्येला सूर्य उत्तरेकडे वळण्यापूर्वीं थांबतो असें सांगितलें आहे. त्या दिवशीं होता झोपाळ्यावर बसून शस्त्र म्हणे. खड्ड्यावर चामडें ताणून भूमिदुंदुभि वाजवीत. एका वाटोळ्या पांढऱ्या चामड्यासाठीं आर्य आणि शूद्र यांची ओढाओढ होई, आणि तें चामडें म्हणजे सूर्य. आणि दासी डोक्यावर पाण्याचे घडे घेऊन मार्जालीय अग्नीभोंवतीं फेर धरीत. यांत अग्नि आहे, नाच आहे, गलबला आहे, पण त्याचबरोबर पाणीही आहे. मरणाऱ्या सूर्याचा शोक मात्र त्यांत दिसत नाहीं.

टिळकांच्या 'ओरायन' या १८९३ सालच्या ग्रंथानें या सत्रांकडे आपलें लक्ष वेधलें. त्या ग्रंथाची मांडणी आजही वाचकास खिळवून ठेवते, कारण ती वकिलाच्या शिस्तीनें केलेली आहे: एक एक साक्षीदार पुढें यावा, त्याची उलटतपासणी व्हावी, आणि मग निकाल. मूळांत देवयान किंवा उत्तरायण म्हणजे वसंतसंपातापासून शरत्संपातापर्यंतचा, सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस असण्याचा काळ होता, आणि दोन अयनबिंदूंमधील काळ हा अर्थ मागाहून आला, हें त्यांचें प्रतिपादन महत्त्वाचें आहे. हें खरें मानलें तर उत्तरायण हा शब्दच एका बिंदूवर खिळलेला नाहीं, आणि त्याच्या नांवानें आज ठामपणें बोलणाऱ्यांनीं जरा जपून बोललें पाहिजे. फाल्गुनी पौर्णिमा हें वर्षाचें मुख, या श्रुतिवचनाचा त्यांनीं लावलेला अर्थ असा कीं वसंतसंपात मृगशीर्षांत असतांना त्या पौर्णिमेला उत्तरायण लागत असे.

या शेवटच्या विधानावरून पुढील लेखकाला एक मोह होणें स्वाभाविक आहे. फाल्गुनी पौर्णिमा जर एके काळीं अयनाची रात्र होती, तर होळी हीच आपली अयनाची आग. ती संपातचलनामुळें वसंतांत येऊन पडली, एवढेंच! कल्पना आकर्षक आहे. परंतु टिळकांच्या पद्धतीनेंच तिची उलटतपासणी केली तर ती टिकत नाहीं. टिळकांचा काळ ख्रिस्तपूर्व चार हजारांचा; होलाकेचा उल्लेख येतो तो जैमिनीच्या सूत्रांवरील शबराच्या भाष्यांत आणि कामसूत्रासारख्या ग्रंथांत, आणि भाष्यकार ती पौर्वात्यांची रूढि म्हणून सांगतो. मीमांसकांपुढील प्रश्न असा होता कीं ही चाल पूर्वेकडच्यांचीच मानावी कीं सर्वांची. त्यांनीं ती सर्वांची ठरविली. मधल्या हजारों वर्षांचा पुरावा कोठें आहे? शिवाय होलक या शब्दाचा वैद्यकांत अर्थ, गवताच्या आगीवर अर्धवट भाजलेले शेंगांतील कोंवळे दाणे, असा आहे. आपल्याकडे हरभऱ्याच्या हावळ्यांत तो पदार्थ अजून जिवंत आहे. म्हणजे होळीच्या मुळाशीं आकाशांतील सूर्यापेक्षां शेतांतील घाटा असण्याचा संभव अधिक. ताऱ्यांवरून सण ओळखण्याची हौस टिळकांनीं आपल्याला लाविली. पुरावा तपासण्याची शिस्त मात्र त्यांच्यापाशींच राहिली.

१९०३ सालीं टिळकांनीं आर्यांच्या उत्तरध्रुवनिवासावर ग्रंथ लिहिला. त्यांतील दीर्घ रात्र, दीर्घ उषःकाल, परतणारा सूर्य हीं चित्रें भव्य आहेत. त्या ग्रंथाचा सिद्धांत आजचे संशोधक स्वीकारीत नाहींत. पण त्यांतील चित्र मात्र आपल्या सणलेखकांच्या मनांत घर करून राहिलें आहे. संक्रांतीवर लिहितांना नकळत ते ध्रुवप्रदेशाचा अंधार दख्खनवर पसरवितात.

म्हणून दुसऱ्या विधानाची परीक्षा एका ठरावीक गांवावर करून पाहूं. पुणें जिल्ह्याच्या बारामती तालुक्यांतील कोऱ्हाळे बुद्रुक हें गांव घ्या. तें सुमारें अठरा उत्तर अक्षांशावर आहे. तेथें वर्षांतील सर्वांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा असतो, आणि त्या दिवशींही मध्यान्हींचा सूर्य क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंश वर येतो. अमृतसरला तोच दिवस दहा तासांचा, लंडनला आठ तासांहूनही कमी, आणि स्टॉकहोमला जेमतेम सहा तासांचा. तेथें दुपारचा सूर्य क्षितिजावर सात अंशच चढतो. स्टॉकहोमच्या माणसाला सूर्य आतां मरतो कीं काय असें वाटलें तर नवल नाहीं. कोऱ्हाळ्याच्या माणसाला असें वाटावयास कांहींच कारण नाहीं. त्याला सूर्याची भीति वाटते ती वैशाखांत.

दुसरा भेद याहूनही मोठा आहे. युरोपांत हिवाळा म्हणजे शेताचा मृत्यु. आपल्याकडे हिवाळा म्हणजे शेताचें भरलेपण. नीरेच्या डाव्या कालव्यावरील या बागाइतांत पौषांत ऊंस उभा असतो आणि तुटतही असतो. तालुक्याच्या उत्तरेकडील जिराइतांत शाळू निसवून दाण्यावर येतो, हरभऱ्याला घाटे लागतात, करडई फुलाला येते. भोगीच्या भाजींत वांगीं, पावटा, गाजरें, बोरें, घाटे, उंसाचीं पेरें हीं सारीं एकत्र शिजतात तीं कशाची उणीव भरून काढण्यासाठीं नव्हे. सारें एकदम आलें म्हणून. न खाई भोगी तो सदा रोगी ही म्हण भरल्या घराची आहे, भ्यालेल्या घराची नाहीं.

फ्रेझरनें 'गोल्डन बाउ' या ग्रंथांत युरोपांतील अग्न्युत्सवांची जी छाननी केली आहे, ती आपल्या लेखकांनीं नीट वाचली असती तर बरें झालें असतें. या आगींचा अर्थ सूर्याला साहाय्य हा, असें मॅनहार्टचें मत. त्या शुद्धीसाठीं, अनिष्ट जाळण्यासाठीं, हें वेस्टरमार्कचें मत. आणि फ्रेझर शेवटीं दुसऱ्या मताकडे अधिक झुकला. म्हणजे जो सिद्धांत आपण निर्विवाद म्हणून मांडतों, तो त्याच्या घरींच वादग्रस्त आहे. याहून उपयुक्त असें फ्रेझरचें एक साधें निरीक्षण आहे: उन्हाळ्यांतील आगी उघड्यावर, डोंगरमाथ्यावर, सर्व गांवाच्या असतात; हिवाळ्यांतील आग बहुधा घरांतली, चुलाण्यांतली, कुटुंबाची असते. नाताळचा ओंडका चौकांत जळत नाहीं. तो घरांत जळतो.

हें ध्यानांत घेतलें कीं तिसरें विधान आपोआप ढासळतें. महाराष्ट्रांत अयनाचा अग्नि शोधणाऱ्यांनीं तो चौकांत शोधला, म्हणून त्यांना सांपडला नाहीं. तो चुलींत होता. सूर्य धनु राशींत असतो तो महिना, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, आपण धनुर्मास म्हणून पाळतों. लोकांच्या तोंडीं त्याचा धुंधुरमास झाला आहे. या महिन्यांत सूर्योदयापूर्वीं स्वयंपाक करून, उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवून, सकाळींच जेवावयाचें. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचें भरीत. खरें अयन या महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत येतें. वर्षांतील सर्वांत मोठ्या रात्रींच्या अखेरीस, उजाडण्यापूर्वीं, घराघरांत चूल पेटते आणि तिच्यावर शिजलेलें अन्न पहिल्या किरणाला दाखविलें जातें: अयनाचा अग्नि म्हणतात तो याहून निराळा कसा असावा? सण म्हणून तो पंचांगांत लाल अक्षरांनीं छापलेला नाहीं, इतकेंच.

त्यानंतर रथसप्तमी. माघ शुद्ध सप्तमीला अंगणांत तुळशीपाशीं गोवऱ्या पेटवून त्यांवर बोळक्यांत दूध तापवितात आणि तें उतूं जाऊं देतात. एरव्हीं दूध उतूं गेलें तर हळहळणारी गृहिणी त्या दिवशीं तें मुद्दाम उतूं घालविते. वेदांगज्योतिषांतील उत्तरायण माघ शुद्ध प्रतिपदेचें, आणि भीष्माष्टमी रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशीं. उत्तरायणाची वाट पाहत शरपंजरीं पडलेल्या भीष्माची तिथि आणि सूर्याला आटविलेलें दूध देण्याची तिथि यांची जवळीक लक्षांत घेण्यासारखी आहे. तिला सिद्धांत मात्र म्हणूं नये. मार्गशीर्षांत याच मुलखाशेजारीं जेजुरीला चंपाषष्ठी होते. खंडोबाच्या नवरात्रांत अखंड दिवा असतो, आणि भक्तांच्या हातीं दिवटी पेटते. दिवटी, चूल, बोळक्याखालची गोवरी: सारे लहान अग्नि. मोठा, गांवाचा अग्नि आपण फाल्गुनासाठीं राखून ठेवला आहे. आंध्रांत तो भोगीला पेटतो, आपल्याकडे होळीला; भोगी हें नांव मात्र दोहोंकडे एकच. या वांटणीला उणीव म्हणण्याचें कारण नाहीं.

आतां घराबाहेरील अग्नि. त्यांना विधि म्हणतां येणार नाहीं, पण हिवाळ्याचें खरें रूप त्यांतच आहे. शाळूचा दाणा दुधांतून घट्ट होऊं लागला कीं शेतांत लहानसा खड्डा करून त्यांत गोवऱ्यांची आगटी करतात, आणि कणसें तिच्या फुफाट्यांत खोंचून हुरडा भाजतात. जाळ असतांना कणीस जळतें, निखारा झाल्यावर तें भाजतें; तेव्हां आगटी करणाऱ्याला वाट पाहावी लागते. मग गरम कणीस तळहातांवर चोळावयाचें आणि दाणे पुढच्याला द्यावयाचे. गुऱ्हाळाची आग याहून मोठी: चुलवाणांत चिपाडांचा जाळ, वर काहील, काहिलींत उकळणारा रस, आणि पाक आला कीं नाहीं हें नजरेनें ओळखणारा गुळव्या. कारखाने आल्यापासून या पट्ट्यांत गुऱ्हाळें कमी झालीं. संक्रांतीचा गूळ मात्र कोणत्या तरी चुलवाणावरूनच येतो, हें तीळगुळावर लिहिणाऱ्यांना क्वचितच आठवतें.

आमची मुख्य तक्रार येथें आहे. आपलें सणवाङ्मय विद्वत्तेंत कमी नाहीं. 'ऋग्वेदी' यांनीं आर्यांच्या सणांचा इतिहास लिहून एका पिढीला आपल्या चालीरीतींकडे डोळसपणें पाहावयास शिकविलें; भारतीय संस्कृतिकोशानें माहितीचें भांडार उघडें केलें; दुर्गाबाई भागवतांच्या १९५६ सालच्या 'ऋतुचक्रा'नें महिन्या-महिन्यांतील झाडें, फुलें, आभाळ मराठी गद्यांत आणलें, आणि तें अशा रसाळपणानें कीं त्या पुस्तकानंतर ऋतुवर्णन पूर्वींसारखें करतां येईनासें झालें. परंतु या परंपरेच्या शेपटाला लागलेले जे नित्याचे लेख, त्यांतून सणामागचे हात नाहींसे झाले. धुंधुरमासाच्या खिचडीचें कौतुक करणारा लेखक, ती खिचडी उजाडण्यापूर्वीं शिजावी म्हणून वर्षांतील सर्वांत थंड महिनाभर पहांटे कोण उठत होतें, हें लिहीत नाहीं. घरांतील पुरुष पंक्तीला बसत तेव्हां सूर्य उगवत असे. चूल पेटविणारीचा दिवस त्याच्या कितीतरी आधीं सुरू झालेला असे. आपण ज्याला अयनाचा अग्नि म्हटलें, त्याची पुरोहित ती होती. तिच्या नांवाचा मंत्र मात्र कोठें नाहीं.

घराबाहेरही तेंच. दसरा-दिवाळीनंतर बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून हजारों कुटुंबें ऊंसतोडीसाठीं साखरपट्ट्यांत उतरतात. पाचटाच्या आणि कापडाच्या कोपींत तीं चार-पांच महिने राहतात. या भागांत थंडी कधीं कधीं दहा अंशांखालीं उतरते. पहांटे अंधारांत कोपींपुढें ज्या शेकोट्या पेटतात, त्यांवर भाकरी होते, त्यांपाशीं लेंकरें बसतात, आणि मग कोयते घेऊन माणसें फडांत शिरतात. महाराष्ट्रांत डिसेंबराच्या बावीस तारखेला आग कोठें पेटते, असें कोणी खरोखर विचारलें तर त्याचें खरें उत्तर हें आहे. त्या आगींना कोणी प्रथा म्हणत नाहीं, कारण त्या गरज आहेत. परंतु लोहडीची आग, युरोपांतील ओंडका, या तरी मुळांत दुसरें काय होत्या? थंडी, अंधार आणि शेजारचें माणूस यांतूनच त्या निघाल्या. दूरची गरज आपल्याला काव्यमय वाटते. जवळची गरज दिसत नाहीं.

याच पट्ट्यांत आणखी एक आग पेटते. ऊंस तुटून गेल्यावर शेतांत उरलेलें पाचट पेटवून देतात. रात्रीं रस्त्यावरून जाणाऱ्याला ती ज्वाळांची रांग मोठी शोभिवंत दिसते. शोभा खरी, पण त्यांत जमिनीचें अन्न जळत असतें. पाचटांतील सेंद्रिय अंश आणि नत्र धुरावाटे जातें. तेंच सरींत पसरून कुजविलें तर ओल टिकते आणि जमीन सुधारते. कृषिशास्त्रज्ञ हें शेतकऱ्यांना वर्षानुवर्षें सांगत आले आहेत, आणि अनेक शेतकरी आतां तसें करतातही. आगीचें पावित्र्य सरसकट गाणाऱ्या लेखनानें या कामांत मदत होत नाहीं. आग कोठें पेटवावी आणि कोठें पेटवूं नये, हा विवेक होळीच्या आधीं हुरड्याच्या आगटीनें आपल्याला शिकविलेला आहे.

आक्षेप येईल कीं सणावरील लेखाकडून एवढी अपेक्षा करणें म्हणजे तीळगुळांतून खडे शोधणें होय. लोकांना दोन घटका आनंद मिळाला तर बिघडलें कोठें? आनंदाविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. पुण्याहून येणाऱ्या मंडळींनीं बारामतीच्या शेतांत बसून हुरडा खावा, त्यांत वाईट काय आहे? परंतु खोट्या कारणानें मिळालेला आनंद पुढें खोट्या मागण्या उत्पन्न करतो. आपल्या घरीं जें आहे तें न ओळखतां, शेजाऱ्याच्या घरीं आहे तें आपल्याकडे नाहीं म्हणून खंत करणें, आणि मग तें उसनें आणणें, हा प्रकार सणांत सुरू झाला कीं सण हें प्रदर्शन होतें. पंजाबची लोहडी पंजाबांत सुंदर आहे. कारण तेथें ती कोणाकडून उसनी आणलेली नाहीं.

मग काय करावें? संक्रांत जेथें आहे तेथेंच राहूं द्यावी. सातशें वर्षांपूर्वीं हेमाद्रीला जें हलविलें नाहीं, तें आपणही हलवूं नये. मात्र मुलांना सांगावें कीं हा सूर्याच्या वळणाचा दिवस नव्हे, तर एका जुन्या वळणाची आठवण आहे, आणि ती आठवण दर बहात्तर वर्षांनीं एक दिवस पुढें सरकते. असें सांगितल्यानें सणाची गोडी कमी होत नाहीं. उलट, आकाश स्थिर नाहीं ही मोठी गोष्ट मुलाला तीळगुळाबरोबर कळते. राष्ट्रीय पंचांगांतील एक पौष या दिवशीं मावळत्या सूर्याची जागा एखाद्या झाडाच्या किंवा देवळाच्या आधारानें मुलांकडून टिपून घ्यावी आणि महिन्यानें पुन्हां पाहावयास लावावें. वराहमिहिराचा याहून चांगला सन्मान दुसरा नाहीं. धुंधुरमासाची खिचडी ज्यांना करावयाची असेल त्यांनीं करावी, पण पहांटे उठण्याची पाळी घरांत वांटून घ्यावी. आणि संक्रांतीवर लेख लिहावयास बसणाऱ्यानें, युरोपांतील ओंडक्याचें वर्णन करण्यापूर्वीं, कोऱ्हाळ्याच्या फडाकडेला पहांटे पेटलेल्या शेकोट्यांविषयीं चार ओळी लिहाव्या. गीतेच्या आठव्या अध्यायांत उत्तरायणाच्या मार्गावर पहिलें नांव अग्नीचें आहे, मग प्रकाशाचें, मग दिवसाचें. आपल्या लेखनानेंही तोच क्रम पाळावा: आधीं आग जेथें पेटलेली आहे तेथें जावें, मग प्रकाशाविषयीं बोलावें.